भिंतीची मागची बाजू

८ जून

प्रिय ताई,

फोनवर तू "कोण? जरा मोठ्यानं बोला" यापलीकडे जात नाहीस आणि मी ओरडून ओरडून शेजाऱ्यांना आपल्या घरच्या बातम्या पुरवते. तेव्हा पत्रच बरं. करवतीनं तुझा एक कान खाल्ला आणि दुसरा उष्टावला, पण डोळे शाबूत आहेत. तुझ्या चष्म्याच्या काचा मीच घासते, मला नाही माहीत तर कुणाला?

बातमी अशी, की परवा आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर तुमच्या गावच्या जंगल संस्थेनं टेबल मांडलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तुमच्या डोंगरावर अडथळ्यांची शर्यत आहे म्हणे. चिखल, जाळी, दोर, ओंडके आणि शेवटी भिंत. घंटा व्हायच्या आत जो कुणी शेवटची रेषा ओलांडेल, त्याच्या नावानं गेल्या वर्षी जळलेल्या उताराचा एक तुकडा राखला जाईल. पाच वर्षं कुंपण, राखणदार, रोपं, सगळं. देणगीदार तयार आहेत, पण फक्त पोचणाऱ्यांसाठी. अर्ध्यातून परतणाऱ्याला टाळ्या मिळतील, तुकडा मिळणार नाही.

आमच्या घरातूनही एक नाव गेलंय.

टेबलावरची मुलगी म्हणाली, "अडथळे एक बाई बांधताहेत, नाटकाचे सेट बांधणाऱ्या." म्हटलं, हातोडा घेऊन जगाला धाकात ठेवणारी अशी बाई एकच, आणि ती माझी मावसबहीण. खरं का? आणि भिंत किती उंच आहे? सहज विचारतेय.

तुझीच,
गोगलगाय

—

१७ जून

गोगे,

"सहज विचारतेय" असं तू लिहिलंस की समजावं, चुलीवर काहीतरी चढवलेलं आहे. ओळखलं मी. भाची उतरतेय ना मैदानात? दुसरं आहेच कोण तुमच्या घरात? जावईबापू दुसऱ्या मजल्यावर जाताना पहिल्यावर मुक्काम करतात. आणि तू शाळेला निघालीस की मधल्या सुट्टीत पोचायचीस. गोगलगाय हे नाव मी काही हवेतून काढलं नव्हतं.

हो, मीच बांधतेय. आमच्या नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, त्यामुळे हंगाम बुडाला. मी कारखान्यात माश्या मारत बसले होते. तेवढ्यात संस्थेच्या मुख्य बाई आल्या. त्यांना सगळे जंगलबाईच म्हणतात. आल्या त्या थेट लाकडाच्या ढिगावर बसल्या.

"तुम्ही राजवाडे बांधता ना?"

"बांधते. पण त्यात कुणी राहत नाही."

"आम्हालाही एका दिवसापुरतीच भिंत हवी आहे."

मला बाई आवडली. काम घेतलं. भिंत आठ फुटांची ठरली होती. आता भाची येणार म्हटल्यावर नऊ करते. दोरीवरच्या उड्या मारून मारून ती पोरगी घोड्यासारखी झालीय, आठ फूट म्हणजे तिचा अपमान होईल. वर चढून ठोकाठोक आमचा पडदेवाला करतो. खेळात पडदा ओढणारा, तोच. मी खाली उभी राहून हुकूम सोडते. वय झालं की माणसानं एवढी चैन करावी.

तुझी ताई

—

२ जुलै

प्रिय ताई,

नऊ कशाला? आठच ठेव ना. पोरगी घोडा असेल, पण शर्यतीत बाकीची माणसंही आहेत. पन्नाशीची, चष्मेवाली, दिवसभर बसून काम करणारी. त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?

इकडे सराव जोरात आहे. पहाटे इमारतीचे जिने, संध्याकाळी बागेतल्या झोक्याच्या दांडीला लोंबकळणं. पहिल्या आठवड्यात माझे तळहात सोलून निघाले. (माझे म्हणजे तिचे. घाईत लिहितेय.) दुकानाचे मालक विचारत होते, "हाताला काय झालं? काचेला रक्त लागेल." मी म्हटलं, भांडी घासताना झालं. घरी हे तर रोज नवीन काहीतरी काढतात. काल म्हणाले, "घरात एक गुडघा कुरकुरतोय की दार, तेच कळत नाही. दोन्हींत तेल घालतो." पोरगी मात्र शिट्टी घेऊन मागे उभी असते. काय सांगू, सख्खी आई असून दया नाही.

तू वर का चढत नाहीस? उंचावर चढल्याशिवाय तुला जेवण जात नसे. मोठी मालकीणबाई झालीस वाटतं.

भिंतीचं बघ बाई.

गोगलगाय

—

११ जुलै

गोगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पोरगी शिट्टी घेऊन मागे उभी, तर पळतंय कोण? आणि सख्खी आई असून दया नाही, म्हणजे आईला दया नाही की आईवर दया नाही? चष्म्याचा नंबर बदलून घे, भलतंच लिहायला लागलीस. तळहातांना कोमट मिठाच्या पाण्यात बुडवायला सांग तिला.

भिंत उभी राहिली. नऊच फूट. पण काय झालीय म्हणून सांगू! पुढून पाय ठेवायला खोबणी केल्यात, हाताला गाठी. सगळी फळी मी रंगवली. खाली दाट सावली, वर उजेड, मधे पानांतून पानं. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की वीस पावलांवरून जंगलच वाटतं. जंगलबाई बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जळायच्या आधी असंच होतं." पडदेवाल्याला म्हटलं, एकदा चढून दाखव. माकडासारखा चढला आणि पलीकडे धपकन उडी टाकून हात झटकत आला. "पक्की आहे, मॅडम." झालं, काम पास.

मालकीणबाई वगैरे काही नाही. खालून सगळं नीट दिसतं म्हणून खाली असते.

ताई

—

१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

मिठाचं पाणी लागू पडलं. तळहात माझे आहेत. पळतेय मी.

दोन महिने सांगायला जीभ रेटली नाही, कारण तू हसली असतीस आणि मग मी नाव काढून घेतलं असतं. आता नाव काढायची मुदत गेली.

का, ते सांगते. गेल्या वर्षी आग लागली तेव्हा तुझं पत्र आलं होतं. एका खिळ्यावर चार पानं लिहिणारी तू, आणि त्यात फक्त दोन ओळी: "डोंगर गेला. काही लिहवत नाही." मी ते घडी घालून ठेवलं, उत्तर काय द्यावं ते सुचलं नाही. सांत्वन मला जमत नाही, तुला माहीत आहे. मग त्या दिवशी टेबलावर तुकड्यांचा नकाशा पाहिला. काळ्या रंगाचा उतार, त्यावर चौकोन चौकोन. वाटलं, यातला एक आपल्याला आणता येईल. पत्र लिहिण्यापेक्षा ते बरं.

बस, एवढंच आहे. मला जिंकायचं नाही. घंटेच्या आत पोचायचं आहे. तो एक चौकोन हवा आहे.

तुझी,
गोगलगाय

—

२४ ऑगस्ट

गोगे,

अजिबात नाही.

तुला कळतंय का, नऊ फूट म्हणजे काय? तुमच्या घराच्या छताला हात लावून बघ. वरून पडलेल्या माणसाचा आवाज कसा येतो ते मी ऐकलेलं आहे. रविवारी ये, जरूर ये, माझ्याबरोबर मांडवात बस, चहा पी, टाळ्या वाजव. तुझ्या नावानं चार रोपं मी स्वतः लावते, मग तर झालं? चव्वेचाळीसाव्या वर्षी हाडं मोडून घेऊ नकोस. तुझ्याच्यानं नाही व्हायचं. रागावू नकोस, पण प्रत्येकाचा एक वकूब असतो.

रंगवून झालीय, नाहीतर भिंत आत्ता कापली असती.

ताई

—

२८ ऑगस्ट

ताई,

येतेय. मांडवात नाही.

गो.

—

३ सप्टेंबर

माझ्या गोगे,

बोलणं झालंच नाही आपलं. तू रेषेपलीकडे गवतात उताणी पडून हसत होतीस की रडत होतीस, ते मला लांबून कळलं नाही. मी भिंतीवर होते, आणि खाली येईपर्यंत तुमची बस सुटली. जावईबापूंनी खिडकीतून दोन्ही हात हलवले तेवढे दिसले. तेव्हा तुला वरून काय दिसलं ते तू लिही. मला खालून दिसलं ते मी सांगते.

आधी कबुली देते. तीन वर्षांपूर्वी नाट्यगृहात दिवे टांगायच्या दांडीवरून मी खाली आले. तुला लिहिलं होतं, पाय मुरगळला. मुरगळला नव्हता, कंबरेचं हाड तडकलं होतं. ते सांधलं, डॉक्टरांनी मोकळं केलं, पण त्यानंतर मी शिडीची चौथी पायरी चढलेली नाही. तिसरीवर घाम फुटतो. पडलेल्या माणसाचा आवाज ऐकलाय म्हणाले ना, तो माझाच. मागचं पत्र तुला लिहिलेलं नव्हतं गं. भीती माझी होती, आणि वकूब मात्र तुझा काढला.

आता रविवार. तरुण पोरं आली, भिंतीवर चढली, पलीकडे उड्या टाकून गेली. मी मांडवात ऐटीत बसले होते. लोक भिंतीचे फोटो काढत होते. दुपार कलायला लागली तशी मागची मंडळी यायला लागली, हळूहळू, गुडघे धरत. आणि ती वर चढून बसायला लागली. एक, दोन, चार. बसली ती उतरेचनात. मला वाटलं, दम खाताहेत.

तेवढ्यात तू वर आलीस. चिखलानं माखलेली, चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेला. एक पाय टाकून तू भिंतीवर बसलीस, पलीकडे वाकून पाहिलंस आणि तुझा चेहराच उतरला. मी उठून मागच्या बाजूला गेले. तेव्हा मला दिसलं, मी काय करून ठेवलंय ते.

मागे काहीच नव्हतं. नुसती उघडी चौकट आणि तिरके टेकू. ना खोबण, ना गाठ, ना पायरी. तीस वर्षं मी सेट बांधतेय गोगे, आणि सेटला मागची बाजू नसते. प्रेक्षक समोर बसतात, मागे नुसता टेकू लावायचा. पुढच्या बाजूला मी पानंन् पानं रंगवली, आणि चढलेलं माणूस पलीकडे उतरणार आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही! कारखान्यात कुणाच्याही आलं नाही. आम्ही सगळे नाटकवाले.

जंगलबाई धावत आल्या. मी म्हटलं, "शिडी आणा." त्या म्हणाल्या, "शिडी लावली किंवा बाहेरच्या कुणाचा हात लागला, तर ते बाद होतील. देणगीदारांची माणसं इथंच उभी आहेत." घंटेला फार वेळ उरला नव्हता. वर तू धरून सहाजण, मागून आणखी येत होते.

मी खालून ओरडले, "टेकूवर पाय ठेव!" तू म्हणालीस, "कुठला टेकू?" वरून तो दिसतच नव्हता, फळीच्या आड होता. मी बोट दाखवत होते, तू डोकं हलवत होतीस, आणि मला तुझं निम्मं ऐकू येत नव्हतं. समजावून सांगायचा काही उपाय नव्हता. दाखवावंच लागणार होतं.

मग मी चढले. नियमात धावणाऱ्यांना हात लावायचा नाही असं आहे, शेजारी चढायचं नाही असं नाही. शेजारची चौकट धरली. पहिला आडवा वासा, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर घाम आला. वर पाहिलं तर तू माझ्याकडे बघत होतीस. चौथ्यावर पाय ठेवला. पुढचं मला आठवत नाही. एकदम तुझा चिखलाचा बूट माझ्या नाकासमोर होता.

पुढे तू लिही.

ताई

—

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं. घासायला घेतलेली काच तशीच हातात राहिली. मालक म्हणाले, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, फारच ठीक आहे.

तुझ्या पत्रात "तुझ्याच्यानं नाही व्हायचं" वाचलं तेव्हा मी खूप रागावले होते. चिखलातून त्या रागावरच गेले. जाळीखालून सरपटताना केस अडकले, तेव्हा तुला एक शिवी दिली, ती परत घेते. दोरावरून तीनदा पाण्यात पडले. काठावर हे उभे होते. मला वाटलं, आता विनोद करणार. तर म्हणाले, "चौथ्यांदा पडलीस तरी मी इथंच आहे." लग्नाला वीस वर्षं झाली, एवढं गोड आजवर बोलले नव्हते. चौथ्यांदा पडले नाही.

आता माझी कबुली ऐक. मला चढता येतं, उतरता येत नाही. बागेच्या कठड्यावर सराव करताना मी वर गेले आणि वरच राहिले. यांनी शेजाऱ्यांकडून शिडी आणून मला उतरवलं, सगळी इमारत गॅलरीत उभी. हे तुला मुद्दाम लिहिलं नाही. मनाशी म्हटलं, ताईनं बांधलीय, ताई पलीकडे काहीतरी सोय करेलच. माझा तुझ्यावर एवढा भरवसा होता बघ!

आणि वर जाऊन बघते तर खाली नुसती हवा. शेजारी एक पोस्टमन बसले होते. म्हणाले, "मी बराच वेळ झाला बसलोय. छान वारा आहे." त्यांच्यापलीकडच्या बाई नाक ओढत रडत होत्या. मला तो काळा उतार समोर दिसत होता, ताई. भिंतीवरून सगळा दिसतो. मनात आलं, एवढ्या जवळ येऊन चौकोन जाणार.

तेवढ्यात खाली तू चौकटीला हात घातलास. मला आधी वाटलं, ही मला ओढून खाली नेणार. पण एकदा वर पाहिलंस ते सोडलं तर तू बघतच नव्हतीस माझ्याकडे. डोळे घट्ट मिटून चढत होतीस. मला काही माहीत नव्हतं तेव्हा हाडाचं. पण मी दिवसभर माणसांचे डोळे बघते, भ्यालेले डोळे मिटलेले असले तरी ओळखते. तू वर आलीस, भिंतीला गाल लावून थांबलीस आणि म्हणालीस, "गोगे, मला खाली जायचंय." आणि मी म्हणाले, "मलाही." पोस्टमन म्हणाले, "मलाही." मग आपण तिघं हसलो. आठवतं? तू म्हणालीस, "माझ्या पायाकडे बघ. मी जिथं ठेवते तसाच तुझ्या बाजूला ठेव." मी तुझ्या पायाशिवाय काही पाहिलं नाही. तुझा डावा, माझा डावा. तुझा खाली चाचपडला की माझा चाचपडला. तो टेकू तुझ्या चपलेखाली आला तेव्हा मला माझ्या बुटाखाली सापडला.

जमिनीला पाय लागले तसं तू ओरडलीस, "पळ!" तुझ्या एका शब्दावर मी आयुष्यात पहिल्यांदा पळाले. पन्नास पावलं असतील रेषेपर्यंत. मागे वळून पाहिलं तर तू पुन्हा वर चढत होतीस. या वेळी डोळे उघडे होते. पोस्टमन उतरताना दिसले, मग त्या रडणाऱ्या बाई. घंटेच्या माणसानं दोरी हातात घेतली होती, आणि सगळे ओरडत होते, "थांब, अजून एक आहे!"

सगळे आले, ताई. भिंतीवरचं एकही माणूस मागे राहिलं नाही. घंटा झाली तेव्हा मी गवतात पडले होते. तू विचारलंस म्हणून सांगते, हसत होते.

चौकोन पोचण्याच्या क्रमानं देतात. पहिल्या येणाऱ्यांना खालचे, रस्त्यालगतचे. आपण भिंतीवरचे सगळे शेवटच्या घोळक्यातले, म्हणून मला माथ्यावरचा मिळालाय, जवळजवळ सगळ्यांत उंच. इथून काही तो दिसायचा नाही. तू जाऊन बघ आणि कसा आहे ते लिही.

तुझीच,
गोगलगाय

—

६ नोव्हेंबर

गोगे,

उशीर झाला, पण त्याला कारण आहे. नाट्यगृह उघडलं. पहिल्या खेळाचे दिवे टांगायला मीच दांडीवर गेले. पडदेवाला खाली शिडी धरून उभा होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढच्या वर्षीच्या भिंतीचा आराखडाही झालाय. जंगलबाईंनी तो उलटा-सुलटा करून, दोन्हीकडून पाहून पास केला.

आज तुझा चौकोन बघायला आले. वाट उभी आहे, दोनदा बसले. कुंपण झालंय. राखणदार म्हातारा आहे, त्यानं मला हटकलं, "कोण तुम्ही?" मी म्हटलं, "मालकिणीची बहीण." म्हणाला, "मग या. चपला काळ्या होतील." राख अजून आहे. पण तिच्यातून बोटभर गवत आलंय, आणि ओळीनं रोपं लावलीत, प्रत्येकाला आळं. बरोबर मधोमध एक जुनं झाड आहे. एका अंगानं कोळसा झालंय, दुसऱ्या अंगाला पानं आहेत, इतकी की त्याला जळल्याचं कुणी सांगितलंच नाही असं वाटावं.

राखणदार भाकरी खायला खाली गेलाय. म्हटलं, आता कोण बघतंय. पिशवी खाली ठेवली आणि दुसऱ्या अंगानं चढले. पहिल्या बेचक्यापर्यंत, मग त्याच्या वरच्यापर्यंत. भिंतीपेक्षा उंच आहे हे. इथं बसून लिहितेय, वही मांडीवर आहे. इथून सगळे चौकोन दिसतात गं. पोस्टमनचा, त्या रडणाऱ्या बाईंचा, खालच्या तरुण पोरांचे, रस्त्यापर्यंत. काळ्यावर हिरव्या रेघा ओढल्यासारखे. मी हा डोंगर खालून कैकदा रंगवलाय. वरून असा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

तू आणलास हा. त्या दोन ओळींच्या पत्राचं उत्तर पोचलं.

अक्षर वाकडं आलंय, ते वाऱ्यामुळे. फांदी हलतेय. मी नाही.

तुझी ताई